आधी मोजा, मग ब्लॉक बोरिंगला द्या

वाचकांचे प्रश्न : दुचाकी

या खेपेच्या पत्रांमध्ये एकाच विषयाची गर्दी झाली आहे. जुन्या गाडीला दुसरं इंजिन शोधायचं, आणि ते मिळालं की लगेच बोअर, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकमधल्या ज्या नळीत पिस्टन वर-खाली होतो तिचा आतला व्यास, मोठा करून त्याची ताकद वाढवायची. मी आयुष्यभर बोरिंगचंच, म्हणजे ही नळी आतून कातण्याचं काम केलं, पोट त्यावरच चाललं. तेव्हा मी एखाद्याला ‘बोरिंग करू नका’ म्हटलं, तर त्यात माझा काही फायदा नाही एवढं धरून चाला.

प्रश्न : माझ्या १२५ सीसी गाडीची चेन चालत्या गाडीत तुटली, पुढच्या स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) गोळा झाली आणि मागून क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीचा, तुकडाच उडाला. इंजिन साधं आहे, हवेने थंड होणारं, पुशरॉडचं, बोअर ५६.५ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ४९.५ मिलिमीटर. आता दोन इंजिनं बघून ठेवली आहेत. एक अगदी माझ्याच मॉडेलचं, पण बरीच वर्षं पडून असलेलं. विकणारा म्हणतो, ‘काढलं तेव्हा चालू होतं.’ दुसरं त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचं १५० सीसी. ‘थोडं इकडेतिकडे केलं की बसतं’ असं सांगतात. कोणतं घेऊ? आणि घेण्याआधी काय काय तपासू?

उत्तर : ‘काढलं तेव्हा चालू होतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकून मला काहीच कळत नाही. चालू असलेलं इंजिन लोक काढतात कशाला, हा प्रश्न आधी विचारा. गाडी ठोकली गेली म्हणून काढलं असेल तर उत्तम. कारण सांगता येत नसेल, तर पुढची तपासणी दुप्पट बारकाईने करा.

पहिलं काम पान्याचं नाही, डोळ्यांचं. क्रँककेसवर जिथे इंजिन नंबर ठोकलेला असतो ती जागा कापडाने पुसून उजेडात तिरकी धरून बघा. तिथला पृष्ठभाग बाकीच्यापेक्षा गुळगुळीत वाटला, कानशीचे ओरखडे दिसले किंवा आकडे एका ओळीत नसले, तर इंजिन कितीही चांगलं असो, तिथून निघा. नंबर शाबूत असेल तर विकणाऱ्याकडून लेखी पावती घ्या, ज्या गाडीतून काढलं तिचे कागद बघा, आणि तुमच्या गाडीच्या नोंदीत नवा नंबर कसा चढवायचा हे इंजिन घरी आणण्याआधी विचारून ठेवा. नंतर विचारणाऱ्यांची पत्रंही माझ्याकडे येतात. त्यांना देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नसतं.

आता स्क्रूंकडे बघा. साइड कव्हरच्या स्क्रूंची डोकी कुरतडलेली असतील तर कुणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने इंजिन खोललंय. जपानी स्क्रूचा क्रॉस साध्या फिलिप्सपेक्षा वेगळा असतो. साधा ड्रायव्हर लावला की तो उसळून वर येतो आणि डोकं खातो. खोललं म्हणजे वाईटच असं नाही. पण जोडावरून सिलिकॉन बाहेर ओघळलेलं दिसलं, तर जेवढं बाहेर आलंय तेवढंच आतही गेलंय असं समजा. आतला तो गोळा सुटून ऑइलच्या वाटेत अडकतो आणि इंजिन सुकं चालतं.

तुमचं जिथे फुटलं, तिथेच या इंजिनावरही बघा. स्प्रॉकेटचं कव्हर काढा, मागची घाण खरवडा, ती भिंत नीट तपासा. तिथे वेल्डिंग केलेलं असू शकतं. स्प्रॉकेट ज्या शाफ्टवर बसतं त्याच्या खाचा बघा. स्प्रॉकेट हातानं हलवल्यावर खाचांत डुगडुगत असेल, तर शाफ्ट बदलायला पूर्ण क्रँककेस खोलावं लागतं.

इंजिन हलतं का ते बघताना किक मारू नका. बरीच वर्षं पडलेल्या ब्लॉकमध्ये पिस्टनभोवतीची एखाद-दुसरी रिंग गंजून भिंतीला धरलेली असते. जोर लावला की रिंग मोडते आणि स्लीव्हवर, म्हणजे ब्लॉकमधल्या लोखंडी नळीवर, ओरखडा ओढते. प्लग काढा, भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. मग टॉप गिअर टाकून स्प्रॉकेट हळूहळू फिरवा. पूर्ण फेऱ्यात एकाच ठिकाणी करकर लागली तर बेअरिंगमध्ये किंवा बोअरमध्ये गंज आहे. सगळे गिअर टाकून बघा. फिरवता फिरवता पडले पाहिजेत. इंजिन थांबलेलं असताना एखादा गिअर अडला तर घाबरू नका, शाफ्ट थोडा फिरवला की पडतो.

कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालच्या फिरत्या क्रँकशी जोडणारा दांडा, बघायची युक्ती अशी. पिस्टन अर्ध्या वाटेवर आणा, प्लगच्या भोकातून एक लांब, मऊ काठी पिस्टनवर टेकवा. लाकडाची किंवा प्लास्टिकची घ्या, लोखंडी नको. आता क्रँकच्या टोकाला असलेलं मॅग्नेटचं चाक अगदी किंचित पुढे-मागे करा. चाक हललं आणि काठी लगेच हलली तर ठीक. चाक आधी थोडं ‘रिकामं’ फिरलं आणि मग टक् करून काठी हलली, तर रॉडचं खालचं बेअरिंग किंवा पिस्टन पिन गेली आहे. हे करताना बोटांना जे जाणवतं ते कुठल्याही मीटरवर दिसत नाही. मात्र ब्लॉक काढल्यावर रॉड उजवी-डावीकडे थोडा सरकतो, ते बघून दचकू नका. तेवढी जागा कारखान्यानेच ठेवलेली असते. वर-खाली मात्र अजिबात हलता कामा नये. तेच मॅग्नेटचं चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. तिथे खेळ लागला तर क्रँकची बेअरिंगं गेली.

ऑइल काढायला परवानगी मागा. विकणारा नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच झालं. ऑइल दुधासारखं पांढुरकं असेल तर आत पाणी गेलंय. पातळ पांढऱ्या कागदावर थोडं ऑइल पसरून उन्हात धरा. चंदेरी चकाकी ॲल्युमिनियमची, सोनेरी बहुतेक बुशची, आणि चुंबकाला चिकटतं ते गिअरचं किंवा बेअरिंगचं. ड्रेन प्लगला राखाडी लव असेल तर ती चालण्याचीच खूण. सुईसारखे तुकडे असतील तर नको.

शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या वर किती दाब तयार होतो ते, प्लगच्या भोकाला गेज लावून मोजा. इंजिन जमिनीवर घट्ट धरायला एक माणूस, किक मारायला दुसरा. कार्बोरेटर लावलेला असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा, नाहीतर आकडा फसवा येतो. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा आणि बोअर झिजलेत. जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेडचं, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलंय. झिजलेला बोअर बघून पाठ फिरवू नका, तो बोरिंगने सुटणारा प्रश्न आहे. क्रँक आणि गिअरबॉक्स चांगले असलेलं, पण धूर काढणारं इंजिन हा माझ्या मते सगळ्यात चांगला सौदा. विकणारा धुराला घाबरलेला असतो, आणि तुम्हाला त्याचं कारण माहीत असतं.

आता १५० चं. ‘थोडं इकडेतिकडे’ म्हणजे नेमकं किती, ते टेपने मोजा. इंजिन फ्रेमला जिथे बोल्टने धरतं त्या भोकांमधलं अंतर, भोकाचा व्यास, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्प्रॉकेटची पातळी. लांब सरळ पट्टी मागच्या स्प्रॉकेटला टेकवून पुढे आणा. पुढचं स्प्रॉकेट दोन-तीन मिलिमीटर जरी आत-बाहेर असलं तरी चेन तिरकी चालेल. चेन तुटून एक इंजिन तुम्ही गमावलेलंच आहे, दुसरं कशाला? कार्बोरेटरचं तोंड फ्रेमच्या नळीला अडतं का, सायलेन्सरचे स्टड जुळतात का, हेही बघा. वायरिंगमध्ये मॅग्नेट, पिकअप कॉइल आणि सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा डबा) हे त्रिकूट एकाच इंजिनाचं असावं लागतं. १५० घेतलंत तर हे तिन्ही त्याचेच घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर माझ्याच मॉडेलचं घेतलं असतं. तुमच्या फुटलेल्या इंजिनाचं हेड, ब्लॉक, क्रँक, क्लच, गिअर सगळं शाबूत आहे. ते कपाटात ठेवलं की पुढची कित्येक वर्षं सुट्या भागांची चिंता मिटली. एक गोष्ट मात्र करू नका. जुन्या क्रँककेसचा चांगला अर्धा भाग आणि नव्याचा एक अर्धा अशी जोडी लावू नका. दोन्ही अर्धे एकत्र बांधून त्यात बेअरिंगची घरं कातलेली असतात. दुसऱ्याशी जोडले की क्रँकची रेघ जुळत नाही.

प्रश्न : माझी गाडीही १२५ सीसीची, ५६.५ बाय ४९.५ ची. बोअर ६२ केला की ती १५० ची होते, असं ऐकलंय. मग वेगळं १५० इंजिन कशाला शोधायचं? बोरिंगच करतो. ताकद किती वाढेल?

उत्तर : तुमचा हिशेब बरोबर आहे. ६२ चा वर्ग, गुणिले ०.७८५४, गुणिले ४९.५, म्हणजे १४९.४ सीसी. आधी होते १२४.१. कागदावर २० टक्के वाढ. आता ब्लॉक टेबलावर ठेवू.

दुकानात मिळणारे ओव्हरसाइज पिस्टन पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी येतात. डोक्यावर २५, ५०, ७५, १०० असे आकडे ठोकलेले असतात. शेवटचा म्हणजे एक मिलिमीटर मोठा. तो टाकून तुमचा बोअर ५७.५ झाला तर इंजिन १२८.५ सीसीचं होतं. वाढ साडेतीन टक्के. गाडीवर बसून ही वाढ जाणवली असं कुणी म्हणालं, तर त्याला जाणवलेली असते ती नव्या रिंगांची कॉम्प्रेशन. हे पिस्टन झीज भरून काढायला बनवलेत. ताकद वाढवायला नव्हे.

५६.५ वरून ६२ म्हणजे प्रत्येक बाजूने पावणेतीन मिलिमीटर लोखंड काढणं. स्लीव्हची भिंत तीन मिलिमीटरची असेल तर उरतं पाव मिलिमीटर. ते कागदासारखं लवतं. म्हणून ६२ च्या बोअरसाठी ब्लॉकमध्ये मोठी स्लीव्ह बसवावी लागते, किंवा आखा ब्लॉकच दुसरा घ्यावा लागतो. स्लीव्ह मोठी झाली की तिचं ब्लॉकच्या खाली आलेलं तोंड क्रँककेसच्या भोकात मावत नाही. मग क्रँककेसचं तोंड कातायचं, आणि त्यासाठी इंजिन पूर्ण खोलायचं. ब्लॉक आणि हेड धरून ठेवणाऱ्या चार स्टडच्या मधलं अंतर कंपनीने ५६.५ धरून ठेवलंय. स्लीव्हची बाहेरची कड स्टडच्या भोकाला किती जवळ आली, ते मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथली पॅकिंगची पट्टी अरुंद झाली की हेड तिथूनच फुंकणार.

समजा हे सगळं जमलं. आता वर बघा. पिस्टनच्या वर हेडमध्ये जी पोकळी आहे ती बदललेली नाही. तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ९ ला १ असेल, म्हणजे नऊ भाग मिश्रण एका भागात दाबलं जात असेल, तर ती पोकळी साडेपंधरा सीसीची. त्यात आता १२४ ऐवजी १४९ सीसी दाबायचे. म्हणजे साध्या सपाट पिस्टनवर कॉम्प्रेशन १०.६ ला जातं. इंजिन गरम झाल्यावर चढावर टणटण असा आवाज येईल. तो टॅपेटचा नाही, पेट्रोल वेळेआधी फुटतंय. असाच काही दिवस चालवलात तर पिस्टनच्या डोक्यावर मुंग्यांनी खाल्ल्यासारखी छिद्रं पडतात. त्यावर उपाय आहेत. वाटीसारखा खोलगट पिस्टन घ्या, किंवा हेडची पोकळी नव्या बोअरला जुळवून घ्या. हेडचं पॅकिंगही ६२ चंच हवं. जुनं ५६.५ चं लावलंत तर त्याची कड आगीच्या आत लोंबते, लाल होते, आणि प्लगच्या आधी तीच ठिणगी देते.

आता ताकद. इनलेट व्हॉल्व्ह तोच, पोर्ट तोच, कार्बोरेटर तोच. मोठं झालेलं इंजिन त्याच वाटेने श्वास घेणार. खालच्या आणि मधल्या आरपीएमवर ओढ छान वाढते, चढावर गिअर कमी वेळा पाडावा लागतो. वरच्या आरपीएमवर मात्र दम आधीच्यापेक्षा लवकर संपतो. त्यामुळे कमाल ताकद २० टक्क्यांनी वाढत नाही, बरीच कमी वाढते. स्ट्रोक तोच असल्याने पिस्टनचा वेग बदलत नाही. ९००० आरपीएमला सरासरी सेकंदाला पंधरा मीटरच्या आतच राहतो, त्यामुळे त्या बाजूने धोका नाही. पिस्टनचं वजन मात्र वाढतं आणि क्रँकचा तोल जुन्या वजनाला धरून केलेला असतो. ६२ चा पिस्टन निवडताना तो पिन आणि रिंगांसकट काट्यावर ठेवा. जुन्याच्या जितका जवळ, तितकं हँडलचं थरथरणं कमी. कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा मेन जेट मोठा लागेल. प्लगचा रंग बघत बघत एकेक नंबर वाढवा. क्लचच्या स्प्रिंगा बहुतेक कमी पडतील. ब्लॉक थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्या मात्र १२५ च्याच, आणि उष्णता १५० ची.

कंपन्या स्वतः हे कसं करतात बघा. जुन्या बुलेट ३५० चा बोअर ७०, स्ट्रोक ९०. जुन्या बुलेट ५०० चा स्ट्रोक तोच ९०, बोअर ८४. पण त्यासाठी त्यांनी ३५० चा ब्लॉक घेऊन खरवडला नाही. ब्लॉक, पिस्टन, हेड सगळं ५०० चं वेगळं दिलं. यामाहाच्या एसआर ४०० आणि एसआर ५०० मध्ये उलटं आहे. बोअर दोघींचा ८७, आणि फरक स्ट्रोकचा, ६७.२ आणि ८४. तिथे क्रँकच बदलला. दोन्हीकडे मोठं इंजिन मोठं म्हणूनच बनवलेलं आहे.

म्हणून, तुमच्या इंजिनाच्या घराण्यातलं मोठं भावंड मिळत असेल आणि फ्रेमला बसत असेल, तर ते घ्या. नसेल मिळत आणि ६२ करायचंच असेल, तर स्लीव्ह, पिस्टन, पॅकिंग आणि हेडचं काम एकाच माणसाकडून, एकाच वेळी करून घ्या. चार जणांकडून चार कामं करून घेतली की चूक कुणाची यावर वाद रंगतात आणि गाडी कोपऱ्यात उभी राहते.

त्याआधी एक फुकटची तपासणी. गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल टाका आणि मागचं चाक हाताने फिरवा. ‘गाडीत दम उरला नाही’ म्हणून बोरिंगला आलेल्या कितीतरी गाड्यांचं मागचं चाक एक फेरासुद्धा मोकळं फिरत नव्हतं. ब्रेक घासत होता.

प्रश्न : माझी टू-स्ट्रोक, ५० बाय ५०. आतापर्यंत तीनदा बोरिंग झालं, आता १०० चा पिस्टन टाकायची वेळ आलीय. याच वेळी थोडी ताकदही वाढवून घ्यावी म्हणतो. आणि वारंवार पिस्टन जाम का होतो?

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. पिस्टन पुन्हा पुन्हा जाम होतो तेव्हा बोअरला दोष देऊन बोरिंग करत राहणं म्हणजे आजार तसाच ठेवून रोज नवा सदरा घालण्यासारखं आहे. क्रँकच्या दोन्ही टोकांची ऑइल सील बदलली होती का? टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण क्रँककेसमधूनच जातं. मॅग्नेटच्या बाजूचं सील कडक झालं की तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापून चिकटतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल ओढलं जातं, पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. कार्बोरेटर आणि ब्लॉकमधला रबरी तुकडा वाकवून बघा, त्याच्या घडीत बारीक चिरा असतात. जुना पिस्टन जपून ठेवलाय ना? ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर उष्णतेचं कारण शोधा. चारी बाजूंनी असतील तर गॅपच कमी ठेवला होता.

१०० चा पिस्टन टाकून तुमची गाडी मूळच्या ९८.२ वरून १०२.१ सीसीची होईल. या चार टक्क्यांत ताकद शोधू नका. टू-स्ट्रोकची ताकद पोर्टच्या, म्हणजे बोअरच्या भिंतीतल्या मिश्रण आणि धूर ये-जा करणाऱ्या भोकांच्या, उंचीत आणि सायलेन्सरच्या आकारात असते. बोअर त्यात दुय्यम. पोर्टला कानस लावायची हौस असेल तर हात आवरा. एक्झॉस्ट पोर्ट वर चढवला की वरच्या आरपीएमवर जोर येतो आणि खालची ओढ जाते. मग रोजच्या रस्त्यावर तुम्हीच वैतागाल.

बोरिंगनंतर एक काम करून घ्या, आणि ते झालंय का ते स्वतः बघा. सगळ्या पोर्टच्या कडा आतून किंचित मारलेल्या हव्यात. बोरिंगची धार तशीच राहिली तर रिंग पोर्टवरून जाताना तिथे अडकते आणि मोडते. बोट आत फिरवा. कडेला बोट अडता कामा नये. रिंगा बसवताना पिस्टनच्या खाचेतला खिळा रिंगच्या दोन टोकांमध्ये आलाय याची खात्री करा.

१०० नंतर पुढचा मुक्काम स्लीव्हचा. नव्या स्लीव्हमधले पोर्ट ब्लॉकच्या वाटांशी तंतोतंत जुळले पाहिजेत. एक-दीड मिलिमीटरची पायरी राहिली तरी गाडी जुन्या अवतारात येत नाही.

प्रश्न : ब्लॉकच्या आत प्लेटिंग (कठीण धातूचा थर) आहे की लोखंडी स्लीव्ह, हे कसं ओळखायचं?

उत्तर : बोअरच्या आत छोटं चुंबक टेकवा. लोखंडी स्लीव्हला ते खट्कन चिकटतं. प्लेटिंग केलेल्या ॲल्युमिनियमला तसं चिकटत नाही. प्लेटिंग असेल तर साध्या बोरिंगला देऊ नका. तो थर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा, अतिशय कठीण आणि केसाइतका पातळ असतो. तो काढला की खाली नुसतं ॲल्युमिनियम. तिथे परत प्लेटिंग करायचं किंवा स्लीव्ह घालायची.

प्रश्न : काका, मी मेकॅनिकलच्या डिप्लोमाला आहे. बाबांच्या जुन्या गाडीचं इंजिन मी स्वतः खोललं. ५० चा, म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा, पिस्टन आणलाय. बोरिंगवाले काकांना काय सांगू? ‘५० करून द्या’ एवढं पुरे?

उत्तर : पुरे नाही, आणि तू विचारलंस हे चांगलं केलंस. पिस्टन आधी, बोरिंग नंतर. म्हणजे तू पिस्टन आधी आणलास हे बरोबर, पण तो त्यांच्या हातात दे आणि ‘याच्यावर करा’ म्हण. खोक्यावर ५० लिहिलेले दोन पिस्टन मोजले तर दोघांत फरक निघतो. पिस्टन मायक्रोमीटरने मोजायचा तो पिनच्या काटकोनात आणि स्कर्टच्या खालच्या कडेपासून थोडा वर. किती वर, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पिस्टनचं डोकं मोजलंस तर आकडा लहान येईल. डोकं जास्त तापतं म्हणून मुळातच बारीक ठेवलेलं असतं.

पिस्टन ॲल्युमिनियमचा, स्लीव्ह लोखंडाची. ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुपटीच्या आसपास फुगतं. म्हणून मध्ये जागा ठेवायची. छोट्या, हवेने थंड होणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनात ओतीव पिस्टनला ती साधारण ०.०२ ते ०.०५ मि.मी. असते. घडीव पिस्टनला आणखी लागते. तुझ्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून काढ, कागदावर मोठ्या अक्षरात लिही आणि ब्लॉकला सुतळीने बांध. तोंडी सांगितलेले आकडे दुकानात हरवतात.

ब्लॉक परत मिळाल्यावर बोअर गेजने सहा मापं घे. वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी पिनच्या दिशेने एक आणि काटकोनात एक. ब्लॉक मशीनवरून नुकताच उतरला असेल तर थांब, गार होऊ दे. गरम ब्लॉकचं माप खरं नसतं. होनिंगच्या (बोरिंगनंतर दगडाने बोअर घासण्याच्या) रेघा एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या दिसल्या पाहिजेत. आरशासारखा चकचकीत बोअर दिसायला सुंदर असतो, पण त्याच्यावर ऑइल टिकत नाही आणि रिंगा बसत नाहीत.

मग सगळ्यात कंटाळवाणं काम. गरम पाणी, साबण आणि ब्रश. पेट्रोलने धुतलं की बोअर स्वच्छ दिसतो, पण होनिंगच्या दगडाची भुकटी रेघांच्या तळाशी तशीच राहते. साबणाने घासायचं, पुसायचं, मग ऑइल लावलेलं पांढरं फडकं आतून फिरवायचं. राखाडी डाग आला तर परत घास. फडकं पांढरंच बाहेर आलं की लगेच ऑइलचा हात फिरव, नाहीतर बघता बघता गंजाची तांबूस साय धरते.

रिंग बोअरमध्ये टाकून पिस्टनच्या डोक्याने सरळ खाली ढकल आणि टोकांमधला गॅप फीलर गेजने बघ. तुझ्या गाडीच्या मापाच्या बोअरला तो पाव मिलिमीटरच्या आगेमागे असतो. गॅपच नसेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांवर आपटतात आणि रिंग मोडते. बाबांना सांग, ब्लॉक बसवताना रिंगा दाबायला दोन हात कमी पडतात.

प्रश्न : बोरिंग, नवा पिस्टन, नव्या रिंगा, सगळं केलं. तरी निळा धूर येतो. मेकॅनिक म्हणतो, ‘चालवा, बसतील रिंगा.’ किती चालवू?

उत्तर : पहिल्या तासाभरात थोडा धूर आला तर समजू शकतो. बांधताना लावलेलं ऑइल जळतं. दोन-तीनशे किलोमीटर झाले आणि धूर तसाच असेल तर चालवत राहण्यात अर्थ नाही. ऑइल रिंगच्या मधल्या नागमोडी पट्टीची टोकं एकमेकांवर चढली असतील, किंवा रिंगवर टोकाजवळ जी खूण असते ती वर न ठेवता खाली ठेवून बसवली असेल. गाडी बंद करून थोड्या वेळाने चालू केल्यावर फक्त पहिला धूर येत असेल तर रिंगांना सोडा. व्हॉल्व्हची सील बघा, हेड खोललं असूनही ती बदलायची राहून गेलेली असतात.

आणि ‘नवीन इंजिन आहे, हळू चालवा’ हा सल्ला अर्धाच ऐका. तासन्‌तास एकाच मंद वेगाने चालवलं किंवा उभं ठेवून घुरघुरत ठेवलं, तर रिंगांमागे पुरेसा दाब तयार होत नाही आणि बोअर चकचकीत होऊन जातो. मधल्या आरपीएमपर्यंत ओढा, सोडा, परत ओढा. चढावर वरच्या गिअरमध्ये रेटू नका. पहिलं ऑइल लवकर बदला, आणि काढलेलं ऑइल पांढऱ्या कागदावर घेऊन बघा.